डावीकडचा दिवा

सोमवार, ३ नोव्हेंबर

ही डायरी वैशालीने आणून दिली. म्हणाली, "मनात येईल ते यात लिहा. म्हणजे तोंडातून कमी येईल." माझ्या तोंडातून काय जास्त येतं, असं विचारलं तर ती भाजी चिरायला गेली.

मी महेंद्र गमरे. डोंबिवली पूर्वेला 'गमरे मोटर ट्रेनिंग स्कूल' आहे ते माझं. अर्ध्या डोंबिवलीला मी गाडी शिकवली आणि माझी बायको अजून रिक्षाला हात करते. लग्न झाल्यावर एकदा तिला शिकवायला घेतलं होतं. शिळफाट्याच्या अलीकडे ती गाडीतून उतरली आणि रिक्षा करून घरी गेली. कशामुळे ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी तिला फक्त गिअर बदलायला सांगत होतो.

आता मात्र तिला शिकायचंच आहे. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शालनबाई, बाळकुमला एकट्या राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. व्यायामासाठी त्यांना सारखं ठाण्यात न्यावं लागतं. मी नेतोच. पण वैशालीचं म्हणणं, "तुम्ही नेता, पण वाटेत दिसेल त्याला फैलावर घेता. आईचा गुडघा बरा होतोय आणि बीपी वाढतंय. माझ्या आईला मी नेईन." मला न सांगता तिने लर्निंग लायसन्सही काढलं. परीक्षा डिसेंबरच्या दहा तारखेला आहे.

तिची अट अशी की मी शिकवायचं, पण ओरडायचं नाही. एकदा जरी ओरडलो तर दुसऱ्या दिवसापासून ती देवयानी मॅडमकडे जाणार. देवयानी मॅडमची 'खास महिलांसाठी' शाळा माझ्या शाळेच्या बरोब्बर समोर आहे. म्हणजे गमरेंची बायको समोरच्यांच्या गाडीत बसून गमरेंच्या बोर्डावरून जाणार आणि चहाच्या टपरीवरचे सगळे ते बघणार. तसं झालं तर मी शाळा बंद करून वडापावची गाडी टाकलेली बरी.

अट मान्य केली. मुळात मी ओरडत नाहीच. माझा आवाज मोकळा आहे, एवढंच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पहिला धडा. एमआयडीसीतला मागचा रस्ता. सकाळी तिथे केमिकलच्या वासाशिवाय कोणी नसतं. तोंड बंद राहावं म्हणून मी दाढेखाली लवंग धरली होती. वैशालीने क्लच एकदम सोडला, गाडीने उडी मारली आणि लगेच सावरली. गाडी चांगली आहे माझी. पण त्या गडबडीत मी लवंग गिळली आणि "क्लच" एवढा एकच शब्द बोललो. कंपनीचा वॉचमन केबिनमधून बाहेर आला. त्याला दुसरं काम नसतं.

वैशालीने गाडी बाजूला घेतली. "हे आज धरत नाही," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी धरणार."

दुपारी योगिनी आली होती, बँकेतली. माझ्याकडे शिकून पहिल्याच फटक्यात पास झालेली पोरगी. आता नवी गाडी घेतलीय. तोंड रडवेलं. "सर, तुमची गाडी एकदाही बंद पडली नाही हो. माझी सोसायटीच्या गेटमधूनच बाहेर निघत नाही." मी तिला समजावलं, हल्लीच्या नव्या गाड्यांमध्ये दम नाही. माझी जुनी आहे, पण शिकणाऱ्याला सांभाळून घेते. तरी तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सासूबाईंना व्यायामाला नेलं. तिथे एक शोध लागला. दवाखान्यात भिंतीवर छोटा स्क्रीन आहे. त्यावर नंबर येतो आणि त्या नंबरचा माणूस गुपचूप उठून आत जातो. कोणी हाका मारत नाही, कोणी वैतागत नाही. मी तिथे बसल्या बसल्या ठरवलं, असाच एक स्क्रीन गाडीत बसवायचा. मी हळूच बटण दाबायचं, वैशालीसमोर 'क्लच' अशी अक्षरं येणार. तोंड उघडायचा प्रश्नच नाही.

परत येताना कापूरबावडीला एका बसवाल्याशी दोन शब्द बोललो. सासूबाईंनी पदराने कान झाकले होते, गार वारा होता बहुतेक.

सोमवार, १० नोव्हेंबर

दिवा गावात प्रीतमकडे गेलो. गाड्यांचं वायरिंग, साउंड, रिव्हर्स कॅमेरा, सगळं करतो. त्याला सांगितलं तर डोळेच चमकले. "सर, टेन्शनच नाय. सीटखाली छोटा कॉम्प्युटर टाकू, तळहाताएवढा येतो. समोर पाच इंचाचा स्क्रीन. तुमच्या हाताशी चार बटणं. एकदम विमानासारखं करून टाकू."

मी म्हणालो, "तीन बटणं बास. क्लच, ब्रेक, गिअर."

"पट्टी चार बटणांचीच येते सर. चौथ्यावर काय टाकू?"

"मला काय विचारतोस? टाक काहीतरी."

त्याने 'शाबास' टाकलं. मी म्हणालो, याचा काय उपयोग? तर म्हणे, राहू द्या, कधी लागलं तर.

कॉम्प्युटर मिळाला, स्क्रीन मिळाला, पण दोघांना जोडणारी वायर बसेना. कॉम्प्युटरचं भोक बारीक आणि स्क्रीनचं रुंद. प्रीतमकडे होती ती वायर दोन्हीकडे रुंद. शेजारच्या मोबाइलवाल्याकडची दोन्हीकडे बारीक. मधे लावायचा जोड शोधत होतो तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. प्रीतम तोंडातली वायर टाकून ड्रम घेऊन पळाला. मीही दोन कॅन उचलले, नाहीतर त्याचं पाणी भरून होईपर्यंत संध्याकाळ झाली असती. टँकरसमोर एक बाई रांग मोडत होती, तिला मी रांगेचं महत्त्व सांगितलं. प्रीतम म्हणाला, "सर, तुम्ही रोज या. आज पयल्यांदा माझे दोन ड्रम पूर्ण भरले."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वायर मिळाली, पण आखूड निघाली. स्क्रीन उलटा धरला तरच पोचते. प्रीतमने स्क्रीन उलटाच स्क्रूने फिट केला आणि म्हणाला, चित्र आतून सरळ करतो. त्याने काहीतरी दाबलं तर चित्र आडवं झालं. तासाभराने सरळ झालं. तोपर्यंत माझी मान उजवीकडे वळायची बंद झाली होती.

मग नवीनच भानगड. गाडी स्टार्ट करताना करंट कमी पडतो आणि कॉम्प्युटर बंद होऊन पहिल्यापासून चालू होतो. दोन मिनिटं नुसतं चक्र फिरत राहतं. एरवी चाललं असतं. पण माझी पद्धत अशी की काही समजावून सांगायचं असेल तर मी गाडीची चावी काढून हातात घेतो. त्याशिवाय माणूस नीट ऐकत नाही. आज सकाळच्या एका विद्यार्थ्याबरोबर जाऊन पाहिलं. मी चावी काढली, समजावलं, गाडी चालू केली, चक्र. परत चावी काढली, परत चक्र. शेवटी तो बिचारा म्हणाला, "सर, त्याला तरी एकदा पूर्ण चालू होऊ द्या."

प्रीतम आता वेगळी छोटी बॅटरी लावून देतोय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चालला! वैशाली, मी, रिकामा रस्ता आणि समोर पाच इंचात लखलखीत 'क्लच'. मी तोंडातून एक अक्षर काढलं नाही. वैशालीने स्क्रीनकडे पाहिलं, क्लच दाबला, गिअर टाकला, गाडी पुढे गेली. वॉचमन केबिनमधून बाहेर आला नाही.

घरी आल्यावर म्हणाली, "आज छान वाटलं हो." मला उगाचच रविवार असल्यासारखं वाटत राहिलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

क्लचचं बटण आत गेलं ते वरच आलं नाही. प्रीतम बघून म्हणाला, "सर, बटण दाबायचं असतं, ठोकायचं नसतं." बोलायची बंदी असेल तर माणसाने जोर काढायचा कुठे? नवीन बटण बसवलं. अक्षरंही मोठी करून घेतली. आता इतकी मोठी आहेत की 'ब्रेक' आला की वैशाली दचकते.

"अहो, हे ओरडल्यासारखंच दिसतंय," ती म्हणाली.

"दिसतंय ना? ऐकू तर येत नाही? अटीत बसतं."

तिने विचार केला आणि अटीत बसतं हे मान्य केलं. पतपेढीत हिशेब करून करून बाई नियमाला पक्की झालीय.

नंतर एका वळणावर माझी मांडी चुकून चौथ्या बटणाला लागली आणि स्क्रीनवर 'शाबास' आलं. त्यानंतर वैशालीने अख्खी चक्कर अशी मारली की बघत राहावं. मी चूक झाली असं सांगितलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

प्रीतमने आपल्या डोक्याने एक नवीन काढलंय. शिकाऊ गाडीत डावीकडे, म्हणजे माझ्या पायाशीही, क्लच आणि ब्रेक असतो. अगदी जिवावर बेतलं तरच वापरायचा. मी तर महिनोन् महिने त्याला पाय लावत नाही. प्रीतमने चारही पेडलच्या रबराखाली पातळ चकत्या चिकटवल्या. उजवीकडच्या पेडलवर पाय पडला की स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा दिवा, डावीकडच्या पडला की डाव्या कोपऱ्यात लाल. म्हणे, शिकणाऱ्याला आपण काय दाबतोय ते दिसलं पाहिजे.

कल्पना चांगली आहे, पण काम कच्चं. आज पूर्ण धडाभर डावीकडचा लाल दिवा लागत होता. वैशालीने विचारलं, "हा कसला?" मी म्हणालो, "खराब आहे. लक्ष देऊ नकोस."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

प्रीतमने डावीकडची चकती बदलली. तरी तेच. दुपारी परत दिव्याला गेलो. प्रीतम स्वतः डाव्या सीटवर बसला, मला गाडी चालवायला लावली. स्टेशनच्या रस्त्याने गर्दीतून फिरून आलो. एकदाही दिवा लागला नाही.

म्हणजे दिव्यात नीट चालतो आणि डोंबिवलीत बिघडतो. एमआयडीसीच्या हवेचा परिणाम असणार. प्रीतमला हे सांगितलं तर त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "सर, चहा घेणार?"

सोमवार, १ डिसेंबर

वैशाली आता सफाईने चालवते. गाडी एकदाही बंद पडत नाही. आज स्पीडब्रेकरच्या अलीकडे काय सुंदर थांबवली! संध्याकाळी शेजारणींना सांगत होती, "गाडी माझं ऐकते बाई." मी गॅलरीत उभा राहून ऐकत होतो. मास्तर कोण आहे तेही सांगेल असं वाटलं होतं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

माझ्या पोटऱ्या मात्र फार दुखतात. दिवसभर नुसता बसून असतो, तरी रात्री तेल लावावं लागतं. वय झालं.

शनिवार, ६ डिसेंबर

शाळा बंद. चैत्यभूमीला जाऊन आलो. रांगेत एवढा वेळ उभा राहिलो तरी पोटऱ्या दुखल्या नाहीत. गाडीत बसून दुखतात. डॉक्टरांना विचारायला हवं.

मंगळवार, ९ डिसेंबर

उद्या परीक्षा. महिनाभरात एकदाही ओरडलो नाही. सासूबाईंचा फोन आला होता. "जावई, माझी वैशाली पास होईल ना? मला तिच्याच गाडीतून जायचंय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." मी म्हणालो, होणारच, मी शिकवलंय.

लाल दिव्यावर चिकटपट्टी लावावी असं मनात आलं होतं. पण स्क्रीनला डाग पडेल म्हणून राहू दिली.

बुधवार, १० डिसेंबर

नापास.

कसं झालं ते लिहितो. इन्स्पेक्टर मॅडम मागच्या सीटवर बसल्या. वैशाली स्टिअरिंगवर, मी डावीकडे, नेहमीसारखा. स्क्रीन चालू होता, कारण वैशालीला त्याची सवय झालीय. आठाचा आकडा मस्त काढला. मग चढावर गाडी थांबवून परत पुढे काढायची होती. थांबवली, अगदी छान.

मागून मॅडम म्हणाल्या, "हा स्क्रीन कसला आहे?"

वैशाली खुशीत होती. "मॅडम, मी पाय दाबला की हिरवा दिवा लागतो."

"आत्ता तर लाल लागलाय."

"तो यांच्या बाजूचा. तो खराब आहे."

मॅडम पुढे वाकल्या आणि माझ्या पायांकडे पाहिलं. "गमरे, पाय वर घ्या."

मी म्हणालो, "मॅडम, चकतीचा प्रॉब्लेम आहे, मी दोनदा..."

"पाय वर घ्या."

मी पाय वर घेतले. लाल दिवा विझला. गाडी मागे घरंगळायला लागली, वैशालीने घाबरून क्लच सोडला, गचका बसला आणि गाडी बंद पडली. मागे रांगेत देवयानी मॅडमची गाडी होती. ती थोडक्यात वाचली.

इन्स्पेक्टर मॅडम उतरल्या. "बाई, तुमचं काही चुकलेलं नाही," त्या वैशालीला म्हणाल्या. "तुम्ही अजून गाडी चालवलेलीच नाहीये. आठ दिवसांनी या. यांना बाहेर उभं करून."

घरी येताना मी गाडी चालवली. शहाडच्या पुढे आल्यावर मी म्हणालो, "एक गोष्ट आहे, मी एकदाही ओरडलो नाही."

वैशाली खिडकीतून बाहेर बघत होती. "ओरडला असतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "ओरडणारा माणूस निदान समोरच्याने काहीतरी करावं म्हणून ओरडतो. तुम्ही तर मला काही करूच दिलं नाहीत. ब्रेक मी मारतेय असं मला वाटत होतं. चाळीस बायकांना सांगितलं मी, गाडी माझं ऐकते म्हणून."

"अगं, मी तुला सांभाळत होतो."

"कशापासून? रस्ता रिकामा होता."

मी गिअर बदलला. मग ती म्हणाली, उद्यापासून देवयानी मॅडमकडे जाते. अट मी पाळली होती, हे मला म्हणायचं होतं. पण म्हणालो नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

प्रीतमला बोलावून घेतलं. त्याला गाडी चालवायला लावली आणि मी डावीकडे बसलो. प्रीतम पोटापाण्यासाठी टेम्पो चालवत होता तेव्हापासून मी त्याला ओळखतो, गाडी म्हणजे त्याच्या हातचा मळ. मी ठरवून बसलो होतो की पाय हलवायचा नाही. पहिल्या वळणालाच लाल दिवा लागला. खाली पाहिलं तर माझा पाय ब्रेकवर. मी ठेवला नव्हता. माझा पाय मला न विचारता गेला होता.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"चकती बदलली तेव्हापासून," प्रीतम म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"सर, तुम्हाला कोण बोलणार?"

मला फार लाज वाटली. एवढी वर्षं मी लोकांना गाडी शिकवली म्हणत होतो, आणि गाडी चालवत मी होतो. ते नुसते स्टिअरिंग धरून बसले होते. घरी येऊन योगिनीला फोन केला. म्हटलं, तुझ्या गाडीत काही दोष नाही, दोष माझ्या पायात आहे, तू परत ये, आणि तुझीच गाडी घेऊन ये. ती म्हणाली, "सर, तुम्ही बरे आहात ना?"

रात्री वैशालीला म्हणालो, परीक्षेपर्यंतचे दिवस मला दे. मी मांडी घालून बसतो.

"कुठे?"

"सीटवर. मांडी घातली की पाय पेडलपर्यंत पोचत नाही. आणि स्क्रीन आपल्यासमोर आहेच. लाल दिवा दिसला की तू उतरून चालायला लाग."

ती हसली नाही. पण अंथरूण घालताना म्हणाली, "देवयानी मॅडमची बॅच भरलीय म्हणून. नाहीतर गेलेच असते."

रविवार, १४ डिसेंबर

ज्यांनी मांडी घालून गाडी शिकवली नाही त्यांना कळणार नाही. गचका बसला की माणूस आहे तसा पुढे जातो. डोकं काचेवर आपटलं, दोनदा. पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत तेही कळेना. आणि गाडी! दर दोन मिनिटांनी बंद. चढावर बंद, वळणावर बंद, सरळ रस्त्यावर काही कारण नसताना बंद. तीन दिवस हेच चाललंय. चावी काढून घ्यायची मला गरजच पडत नाही.

आज वॉचमन खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसला होता.

मग एक कुत्रं आडवं आलं. मला दिसलं, वैशालीला दिसलंय की नाही कळेना. माझा हात बटणाकडे गेला, पण मांडीमुळे पोचला नाही. तोंड उघडेपर्यंत गाडी थांबली. कुत्र्याच्या चार हात अलीकडे, गचका न बसता. स्क्रीनवर फक्त हिरवा दिवा होता.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. "मी थांबवली," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही नाही ना?"

"मला पायच जाणवत नाहीयेत," मी म्हणालो.

ती इतकी हसली की गाडी परत बंद पडली. मला आनंद झाला, खूप झाला, आणि मधेच थोडं वाईटही वाटलं. माझ्याशिवाय गाडी थांबते हे मला माहीत नव्हतं.

गुरुवार, १८ डिसेंबर

पास. मला भिंतीपाशी उभं केलं होतं. इन्स्पेक्टर मॅडम डावीकडे बसल्या होत्या. चढावर गाडी थांबली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती वर पोचली होती. शेजारी देवयानी मॅडम उभ्या होत्या. म्हणाल्या, "गमरे, छान शिकवलंत हो." मी म्हणालो, "मी काही केलं नाही." त्यांना तो विनय वाटला.

शनिवार, २० डिसेंबर

आज वैशालीने सासूबाईंना व्यायामाला नेलं. मला मागच्या सीटवर यायची परवानगी मिळाली, वॉकर धरून बसायला. डोंबिवलीहून माणकोलीच्या पुलावरून बाळकुमला गेलो. वैशाली हळू चालवत होती, पण एकदाही बंद पडली नाही. मी बाहेर खाडीकडे बघत राहिलो. त्या पुलावरून एवढ्या वेळा गेलोय, पण खाडी कधी पाहिली नव्हती.

बाळकुमला सासूबाई नवी साडी नेसून गेटवरच उभ्या होत्या. त्यांना पुढे बसायचं होतं. लेक गाडी चालवतेय, हे शेजाऱ्यांना दिसलं पाहिजे. त्यांना पुढे बसवलं, पाय नीट सोडून दिले आणि निघालो.

बाळकुम नाक्यावर भर गर्दीत गाडी एकदम थांबली. मागे कचाकच ब्रेक लागले. वैशालीने परत चालू केली, चार पावलं जाऊन परत जागच्या जागी उभी. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी स्क्रीनकडे पाहिलं. लाल दिवा.

वैशालीनेही पाहिला. आणि मग ती जी ओरडली!

"आई! पाय काढ! पाय काढ म्हणते ना तिथून! कळत नाही का तुला!"

नाक्यावरचा शहाळीवाला कोयता हातात धरून बघत राहिला. एक रिक्षावाला वाकून आत डोकावला. सासूबाईंनी पाय पोटाशी घ्यायचा प्रयत्न केला, ऑपरेशनमुळे तो काही येईना.

"अगं, मला डॉक्टरांनी सांगितलंय, बसल्या बसल्या टाच दाबत राहा म्हणून," त्या म्हणाल्या. "दाबायला मस्त कायतरी पायाखाली आलं, म्हणून दाबत होते. आणि केवढ्यानं ओरडतेस! जावई बरा गं तुझ्यापेक्षा."

मी त्यांचा पाय पेडलच्या बाजूला सरकवून दिला. गाडी पुढे जाऊन सिग्नलला थांबली. वैशालीने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, फार जोरात ओरडले का मी?"

"हो."

"आईवर ओरडले."

"घाबरलीस म्हणून ओरडलीस," मी म्हणालो.

सिग्नल हिरवा झाला. ती आरशातून बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही पण?"

"रोज," मी म्हणालो. "डाव्या सीटवर बसलो की रोज."

ती काहीतरी बोलणार होती. एवढ्यात मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेचना.

"थांब की रे जरा!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो, ती पुढच्या खिडकीतून आणि मी मागच्या.

टेम्पोवाला गप्प झाला. सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. वैशालीने गिअर टाकला आणि गाडी अगदी अलगद पुढे काढली.